विमान बांधायचं पुस्तक शोधताना

हलकं विमान स्वतः बांधायची इच्छा असलेले बरेच जण मला लिहितात आणि प्रश्न फिरून फिरून पुस्तकावर येतो: कोणतं घेऊ, कुठे मिळेल, फुकट मिळेल का. विमान कसं आखायचं हे सांगणारं पुस्तक वेगळं, कारागिरी शिकवणारं वेगळं आणि एका ठरावीक विमानाचे नकाशे वेगळे. लोक तिन्ही एकाच नावाने मागतात आणि तिथेच घोळ होतो. काही पत्रांना इथेच उत्तरं देतो.

कोल्हापूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. विमान डिझाइनचं एकच चांगलं पुस्तक सांगाल का?

एकाने भागणार नाही. आधी जॉन अँडरसन यांचं ‘इंट्रोडक्शन टू फ्लाइट’ वाचा. मग डॅनियल रेमर. त्यांचं जाडजूड ‘एअरक्राफ्ट डिझाइन’ सगळ्यांना ठाऊक असतं, पण घरी विमान बांधणाऱ्यांसाठी त्यांनी ‘सिम्प्लिफाइड एअरक्राफ्ट डिझाइन फॉर होमबिल्डर्स’ हे लहान पुस्तक वेगळं लिहिलं आहे. तुमच्या कामाचं ते. जाड पुस्तकात लढाऊ आणि प्रवासी विमानांच्या वजनाची सूत्रंही आहेत, ती दोन आसनी विमानाला लावून बसू नका. आयआयटी मुंबईच्या प्रा. राजकुमार पंत यांची व्याख्यानं एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, तीही ऐका. आकडेमोड अडली तर वही घेऊन आपल्या प्राध्यापकांकडे जा, मला ईमेलवर फोटो पाठवू नका.

नागपूरला माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. वेल्डिंग, रिव्हेटिंग येतं. विमानाच्या पद्धतीने काम शिकायला काय वाचू?

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाचं ‘एसी ४३.१३-१बी’. त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. नावात ‘तपासणी आणि दुरुस्ती’ असल्यामुळे लोक ते उघडतच नाहीत. पण लाकूड, कापड, नळ्यांचं वेल्डिंग, रिव्हेट, नट-बोल्ट, कंट्रोलच्या तारा, सगळं त्यात चित्रांसह आहे. लाकडाचा तिरका सांधा घेताना उतार दहास एक ते बारास एक ठेवायचा, इतक्या बारकाईने. त्यासोबत टोनी बिंगेलिस यांची पुस्तकं घ्या. अमेरिकेतल्या ईएए या हौशी विमानबांधकांच्या संस्थेने ती काढली आहेत आणि ती हातात पाना धरलेल्या माणसासाठीच लिहिलेली आहेत. एक मात्र लक्षात ठेवा. गेटचं वेल्डिंग येणं वेगळं. तुमचे नमुना-सांधे एखाद्या परवानाधारक एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरला कापून दाखवा, मगच पुढे जा.

ऑनलाइन ४९९ रुपयांत पेन ड्राइव्ह मिळाला, ‘७००० विमानांचे प्लॅन’. त्यातल्या एकाच्या रिबचा (पंखाच्या फासळीचा) नकाशा ठाण्यात प्रिंट काढून प्लायवूडवर चिकटवला आहे. कापायला सुरुवात करू का?

नाही. करवत खाली ठेवा.

असली पत्रं मला सगळ्यात जास्त येतात आणि दर वेळी माझा जीव खालीवर होतो, म्हणून हे सविस्तर लिहितो. पूर्ण मापाचा नकाशा स्कॅन झाला, त्याची पीडीएफ झाली आणि दुकानदाराने ‘कागदात बसवा’वर टिचकी मारली की माप तीन टक्क्यांनी सहज उतरतं. १२०० मिलिमीटरची रिब ११६४ ची होते. स्पारसाठी, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईसाठी, ठेवलेली २० मिलिमीटरची खाच १९.४ ची होते. मग स्पार बसत नाही, मुलगा कानस घेऊन खाच वाढवतो आणि चूक आपल्याच हाताची समजतो. नकाशावर लिहिलेलं माप आणि पट्टीने मोजलेलं माप जुळत नसेल तर तो कागद रद्दीचा. पंखाचा छेद ‘नाका’ (NACA) या जुन्या अमेरिकन विमानसंशोधन संस्थेच्या मालिकेतला असेल तर अॅबट आणि फॉन डोएनहॉफ यांच्या ‘थिअरी ऑफ विंग सेक्शन्स’मध्ये त्याचे बिंदू टक्क्यांत दिलेले आहेत, त्यावरून रिब नव्याने आखा आणि ताडून पाहा.

पण माप हा त्यातला लहान धोका. मोठा धोका कागदावर नसलेल्या मजकुराचा. आन्री मिन्ये या फ्रेंच हौशी माणसाने १९३४ मध्ये ‘ल स्पोर द लेअर’ हे पुस्तक काढलं. त्यात एचएम-१४ हे छोटं विमान घरी कसं बांधायचं ते सांगितलं होतं. इंग्रजीत त्याला ‘फ्लाइंग फ्ली’ म्हणत. फ्रान्स-इंग्लंडात लोकांनी ते उत्साहाने बांधलं आणि त्यातले काही विमान नाकावर आदळून मेले. अखेर इंग्लंडातल्या फार्नबरो आणि फ्रान्समधल्या शाले-म्युदाँच्या वाऱ्याच्या बोगद्यांत पूर्ण आकाराचं विमान ठेवून पाहिलं, तेव्हा कारण कळलं. पुढचा आणि मागचा पंख इतके जवळ होते की नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेलं की वैमानिकाने नियंत्रणाची दांडी पूर्ण मागे ओढूनही ते वर येत नसे. दोन्ही देशांत त्याच्या उड्डाणांवर बंदी आली. पुढच्या आराखड्यांत दोष काढला गेला. आता सांगा, १९३४ च्या पुस्तकाचं स्कॅन तुमच्या पेन ड्राइव्हमध्ये असेल, तर ती दुरुस्ती त्यात कुठून येणार? विकणाऱ्याला ७००० फायलींत काय आहे याचा पत्ता नसतो. आराखडाकाराकडून नकाशे विकत घेतले की अनुक्रमांक मिळतो, दुरुस्तीपत्रकं मिळतात, शंका विचारता येते. पैसे त्याचे द्यायचे. आराखडाकार हयात नसेल तर त्या विमानाची दुरुस्तीपत्रकं कोणाकडे आहेत ते आधी शोधा, लाकूड नंतर घ्या.

रत्नागिरीत आजोबांच्या संग्रहात १९४० च्या आसपासचं विमानबांधणीचं इंग्रजी पुस्तक सापडलं. वापरू का?

सुतारकाम शिकायला उत्तम. चिकटवायला त्यात केसीन, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा सरस सांगितला असेल, तो वापरू नका. ओलाव्याने तो कमजोर होतो, त्याला बुरशी लागते, आणि तुम्ही तर कोकणात आहात.

‘वैमानिक शास्त्र’ या प्राचीन ग्रंथावरून हलकं विमान बांधता येईल असं एका व्याख्यानात ऐकलं. त्याची प्रत कुठे मिळेल?

प्रत मिळेल, विमान होणार नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी १९७४ मध्ये हा ग्रंथ तपासला. तो १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. व्याख्यात्यांना तो निबंध वाचायला सांगा.

अमोल यादव यांनी मुंबईत गच्चीवर विमान बांधलं. मग पुस्तकं कशाला हवीत?

ते व्यावसायिक वैमानिक आहेत. शिवाय २०१६ मध्ये विमान लोकांसमोर आलं, नोंदणी २०१७ मध्ये झाली आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये. बातमी वाचायला पाच मिनिटं लागतात. एवढी वर्षं तुम्ही देणार का?

स्वतःच्या शेतावरून उडवायचं असेल तरी डीजीसीएची, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, परवानगी लागते?

लागते. बांधायला घेण्याआधीच त्यांच्याशी पत्रव्यवहार करा.

मुलगा नववीत आहे, विमानांचं वेड आहे. कोणतं पुस्तक देऊ?

सध्या बाल्सा लाकूड आणि चिकटपट्टी द्या. पुण्याचं हडपसरचं ग्लायडिंग केंद्र चालू आहे का ते विचारून एखाद्या रविवारी तिथे न्या.

नाशिकहून लिहिते आहे. भावाने दीड वर्षापूर्वी दोन्ही पंखांचे मुख्य स्पार चिकटवले, पुढच्या महिन्यात कापड चढवणार आहे. चिकटकाम बरोबर झालं का, हे कोणत्या पुस्तकात बघून तपासावं?

ताई, हा प्रश्न दीड वर्षापूर्वी यायला हवा होता. झालेला सांधा कोणत्याही पुस्तकात बघून तपासता येत नाही. चिकटवताना त्याच सरसाचे, त्याच लाकडाचे तुकडे बाजूला जोडून ठेवले होते का, हे भावाला आजच विचारा. ठेवले असतील तर ते तोडून पाहायचे. फाटताना लाकूड फाटलं तर ठीक, सरसाच्या रेषेवर सुटले तर स्पार बाद. तुकडे ठेवले नसतील तर लाकडी विमानं किंवा ग्लायडर दुरुस्त केलेला इंजिनिअर शोधून घरी बोलवा. येण्याजाण्याचा खर्च द्या, दिवस द्या. आणि तो येऊन जाईपर्यंत कापडाचा गठ्ठा उघडूही नका, कारण पंख एकदा झाकला की आतलं काहीच दिसत नाही.