हॅमस्टरला मेलाटोनिन देण्याआधी

तुझा सीरियन हॅमस्टर रात्रभर चाक फिरवतो म्हणून तू त्याला स्वतःची झोपेसाठीची मेलाटोनिनची गोळी देणार आहेस, हे वाचून धस्स झालं. देऊ नकोस रे. ३ मिलिग्रॅमची गोळी १२० ग्रॅमच्या जिवाला म्हणजे वजनाच्या हिशेबाने ६० किलोच्या माणसाच्या ५०० पट!

शिवाय तो निशाचर. मेलाटोनिन त्याच्याही शरीरात रात्रीच तयार होतं, म्हणजे तो धावत असतो नेमका तेव्हा. त्याला ते झोप आणत नाही, ऋतू सांगतं. रात्र लांबली की मेलाटोनिन जास्त वेळ स्रवतं. उजेड साधारण साडेबारा तासांच्या खाली गेला की काही आठवड्यांत नराचे वृषण आक्रसतात, वजन बहुधा वाढतं. सायबेरियन हॅमस्टरचं मात्र उलट: वजन घटतं आणि करडे केस पांढरे होतात. संप्रेरक एकच, परिणाम वेगळे. म्हणून एका जातीचा अनुभव दुसरीला लावू नये.

पणजीत डिसेंबरचा दिवस जेमतेम सव्वाअकरा तासांचा. हिवाळ्यात पिंजरा गॅलरीत असेल तर हे बदल दिसू शकतात, घाबरू नकोस. पण एकाच बाजूला सूज दिसली तर पशुवैद्य गाठ.

रात्री पूर्ण काळोख हवा, उजेडाने मेलाटोनिन दबतं. चवथीत गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीभोवती दिवे रात्रभर असतात, तेव्हा पिंजरा आतल्या खोलीत ने. चाकाचा आवाज खुपत असेल तर मोठं, न कुरकुरणारं चाक घे. धावू दे त्याला.