गावातल्या कुटुंबांना परसात औषधी वनस्पती लावायला शिकवायचं, तर सुरुवात कशापासून करावी?

अडुळसा, तुळस, गवती चहा आणि कोरफड, या चारांपासूनच करा. बचत गटातल्या बायकांसोबत हेच काम करते, त्यावरून सांगते: उरल्यासुरल्या पाण्यावर जगणारं आणि घरात लगेच लागणारं झाडच टिकतं. अडुळशाची वीतभर जून फांदी पावसाच्या तोंडावर खोचली की फुटते. शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणालाही चालतो. रोपं वाटण्याआधी खोकल्यावरचा अडुळशाचा काढा चुलीवर करून दाखवा, नाहीतर झाड नुसतं उभं राहतं. एक मात्र पहिल्याच दिवशी बजावून सांगा: गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही, आणि खोकला २ आठवड्यांत हटला नाही तर काढ्यावर न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी तपासून घ्यायची.