नळी लावून दहा दिवस थांबायचं का?

प्रश्न: नमस्कार मॅडम, बाबांना जिभेचा कॅन्सर आहे, ऑपरेशन ठरलंय. चार महिन्यांत वजन 62 वरून 54 किलोवर आलं, गिळताना डोळ्यात पाणी येतं त्यांच्या. आता डॉक्टर म्हणतायत आधी नाकातून नळी टाकून दहा दिवस पोषण देऊ, मग ऑपरेशन. तोवर गाठ वाढली तर? घरात सगळे घाबरलेत.

उत्तर: घाबरणं साहजिकच आहे, पण हे दहा दिवस ट्रीटमेंटमध्येच धरा. 62 चे 54 म्हणजे जवळपास 13 टक्के वजन गेलं, ते पण चार महिन्यांत, आणि एवढं वजन उतरलेल्या पेशंटला कॅन्सर असला तरी ऑपरेशनआधी 7 ते 14 दिवस पोषण द्या असंच गाइडलाइन्स सांगतात. तोंडातले टाके चोवीस तास लाळेत असतात हो, अंगात प्रोटीन नसेल तर जखम भरत नाही, कधीकधी टाके उसवून लाळ मानेतून झिरपायला लागते. मग रेडिएशन लागणार असेल, जे ऑपरेशननंतर साधारण 6 आठवड्यांत सुरू व्हायला हवं, तेही लांबतं. म्हणून मला तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं पटतं.

बाबांच्या वजनाला दिवसाला साधारण 1350 ते 1600 कॅलरी आणि 65 ते 80 ग्रॅम प्रोटीन लागेल (किडनीचा त्रास असेल तर हिशोब बदलतो). पण पहिल्याच दिवशी एवढं भरायचं नाही! बरेच दिवस पोट रिकामं राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन खाली येतं, हृदयावर ताण येतो, त्यामुळे ब्लड टेस्ट करत हळूहळू वाढवतात. उगाच प्रेमापोटी जास्तीचं देऊ नका.

नळीतून देताना बाबांना उशा लावून बसतं करा, झाल्यावरही अर्धा-पाऊण तास आडवं होऊ द्यायचं नाही. देण्याआधी नाकापाशी नळीवरची खूण जागेवर आहे ना बघा, सरकली असेल तर काही न देता नर्सला बोलवा, आपण आत ढकलायची नाही. दिल्यावर थोडं पाणी सोडा म्हणजे नळी चोंदत नाही.

तोंडाने घ्यायची इच्छा असेल तर गिळण्याची तपासणी करून डॉक्टर हो म्हणाले तरच घोट-घोट द्या. पाणी पितानाही ठसका लागत असेल किंवा घशात घरघर वाजत असेल तर ते आजच सांगा, फुफ्फुसात जात असू शकतं.