दुकान कुठे होते, हे आधी विचार

गावभाग, सांगली
१२ ऑक्टोबर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू वहीतली यादी दाखवलीस, तेव्हा पाहुणे बसलेले असल्यामुळे मी "छान झाली आहे" एवढेच म्हणालो. ते पुरेसे नव्हते, म्हणून हे पत्र. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या इंडी-पॉप (म्हणजे मोठ्या कंपन्यांवाचून, छोट्या प्रमाणात पॉप गाणी काढणाऱ्या) बँडांच्या तबकड्या, प्रत्येकीपुढे निघालेल्या प्रतींचा आकडा आणि त्यापुढे लाल शाईने आजचा भाव, अशी ती यादी तू फार मेहनतीने केली आहेस. पण तुला लिहायचे आहे ते चाहत्यांच्या आठवणींवर, आणि त्या बावीस पानांत तबकडी विकत घेणारा, ऐकणारा, उसनी देऊन गमावणारा असा एकही माणूस मला भेटला नाही.

भाव लिहू नकोस असे मी म्हणत नाही. तबकडी दुर्मीळ का झाली हे कळायला आकडे लागतातच. बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने जानेवारी १९७७ मध्ये पहिली तबकडी स्वतः काढली, ती उसन्या घेतलेल्या ५०० पौंडांत आणि सुरुवातीला १००० प्रतींत. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता तबकडी निघते, हे त्यातून अनेकांना कळले आणि पुढच्या दहा वर्षांत घराच्या मागच्या खोलीतून चालणाऱ्या कंपन्या गावोगाव उभ्या राहिल्या. पैसे थोडे म्हणून प्रती थोड्या, इतका साधा तो हिशेब होता. चाळीस वर्षांनी कोणी लाल शाईने भाव लिहील, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

माझ्या भावाचे ते खोके तू पाहिलेस. तो १९८९ साली ब्रिस्टलला शिकायला गेला आणि पाच वर्षांनी परतला, तेव्हा सामानात कपड्यांपेक्षा सात इंची तबकड्याच जास्त होत्या. आमच्या आईने त्या ताटल्यांसारख्या मोजून बाजूला ठेवल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच सारा रेकॉर्ड्सच्या आहेत. क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स या दोघांनी १९८७ मध्ये ब्रिस्टलमध्ये ही कंपनी सुरू केली आणि बरोबर शंभर क्रमांक पूर्ण झाल्यावर १९९५ मध्ये, धंदा बुडाला म्हणून नव्हे तर आपल्याच मर्जीने, बंद केली. पन्नासाव्या क्रमांकाला तबकडीच काढली नाही, एक पटावरचा खेळ काढला. निवडक गाण्यांच्या संग्रहांना त्यांनी ब्रिस्टलमधल्या आणि आसपासच्या ठिकाणांची नावे दिली. आपल्याकडे कोणी एका संग्रहाला 'हरिपूर रस्ता' आणि दुसऱ्याला 'आयर्विन पूल' म्हणावे, तसे ते आहे. भाऊ अजूनही ती नावे वाचताना मध्येच थांबतो, कारण त्यातल्या काही रस्त्यांवरून तो रोज सायकलने जात असे. तुझ्या यादीत मात्र ती फक्त नावे आहेत.

आणखी एक गोष्ट तुझ्या लाल शाईसाठी. एकच गाणे तीन वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा विकून चाहत्याचा खिसा कापण्याच्या तेव्हाच्या रिवाजाला या दोघांचा उघड विरोध होता. साध्या सात इंची तबकडीवर त्यांचा भर होता, तो ती विद्यार्थ्याच्या खर्चात बसते म्हणून. त्याच तबकड्या आज काचेच्या कपाटात कुलूपबंद असतात. चाहत्यांशी बोलताना या विसंगतीबद्दल जरूर विचार. काही जण ओशाळतील, काही जण रागावतील. दोन्ही उत्तरे लिहून घे.

आता मी तुला माझ्या भावाबद्दल नव्हे, स्वतःच्या चुकीबद्दल सांगतो. १९७५ च्या सुमारास मी तुझ्याच वयाचा होतो आणि जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या मागे लागलो होतो. मिरजेला तंतुवाद्ये करणाऱ्या एका वयोवृद्ध कारागिरांकडे काही तबकड्या आहेत असे कळले, म्हणून सायकल मारत गेलो. त्यांनी तरुणपणी अब्दुल करीम खाँसाहेबांना समोर बसून ऐकले होते. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि मिरजेतच त्यांची कबर आहे, हे तुला ठाऊक आहेच. मी त्या गृहस्थांसमोर दोन तास बसलो आणि तबकड्यांचे क्रमांक, कंपनीचे नाव, लेबलाचा रंग आणि विकणार का, एवढेच विचारले. ते मधूनमधून खाँसाहेब तंबोरा कसा लावून घेत याबद्दल काही सांगू पाहत होते, हातात दोरा घेऊन तारेखाली सरकवून दाखवत होते, आणि मी मान डोलावत पुढचा क्रमांक लिहीत होतो. क्रमांक आजही माझ्या वहीत आहेत. पण त्यातल्या एकूण एक तबकडीची माहिती नंतर इतरत्र छापून आली. माझ्या वहीवाचून कोणाचे काही अडले नाही. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि त्या गृहस्थांनी तासन्‌तास चाललेल्या मैफली ऐकल्या होत्या. ते गेल्याचे मला सहा महिन्यांनी कळले.

म्हणून माझा आग्रह असा की, तबकड्यांची यादी मागे ठेव आणि माणसांची पुढे घे. तबकडी आणखी वीस वर्षे थांबेल. १९८६ साली एका इंग्रजी संगीत-साप्ताहिकाने बावीस बँडांच्या गाण्यांची एक कॅसेट काढली, ती सी-८६ या नावाने ओळखली जाते. ती तेव्हा वीस वर्षांच्या ज्या तरुणाने टपालाने मागवली, तो आज साठीला आला आहे.

माणसाला काय विचारायचे, यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथेच नवखे लोक फसतात. "ते गाणे ऐकून काय वाटले?" असे विचारलेस तर उत्तरात "भारावून गेलो"च्या पलीकडे काही येणार नाही, ते उत्तर खोटे नसते, पण ते कोणाचेही असू शकते. त्याऐवजी दुकान कुठे होते ते विचार. जिना चढावा लागे की उतरावा लागे, पैसे कोणी दिले, घरी आल्यावर ती कोणाच्या यंत्रावर लावली आणि शेजारच्या खोलीतून कोण ओरडले, हे विचार. जागा, पैसे आणि यंत्र यांबद्दल माणूस बोलू लागला की, भावना त्यामागून आपोआप येते आणि ती त्याची स्वतःची असते.

मात्र ऐकलेले सगळे खरे धरू नकोस. माझा भाऊ वीस वर्षे छातीठोकपणे सांगत असे की, साराची अगदी पहिली तबकडी, म्हणजे सी अर्चिन्स या बँडची, त्याने निघाली त्याच आठवड्यात थंडीत रांग लावून घेतली. ती निघाली १९८७ मध्ये आणि तो विमानात बसला १९८९ मध्ये. मी एकदा जेवताना हे दाखवून दिले. तो बराच वेळ भात कालवत राहिला आणि मग म्हणाला की, ती त्याला वसतिगृहातल्या एका मुलाने जाताना दिली असावी. रांग बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी तबकडीसाठी होती. रांग आणि थंडी यांबद्दल मला आजही शंका नाही. अशा वेळी चुकीची आठवण खोडू नकोस. ती त्याच्याच शब्दांत डाव्या पानावर लिही आणि उजव्या पानावर तबकडी काय सांगते ते लिही. दोन्ही पाने एकमेकांत मिसळू देऊ नकोस.

तबकडी काय सांगते, हे वाचायलाही शिकावे लागते. शेवटचे गाणे संपल्यावर लेबलाभोवती जी गुळगुळीत पट्टी उरते, ती दिव्याखाली तिरकी धर. तिथे सुईने कोरलेला क्रमांक असतो आणि इंडी-पॉपच्या तबकड्यांवर पुष्कळदा एखादे चावट वाक्यही असते. जॉर्ज पेकम हा तंत्रज्ञ तर आपल्या टोपणनावाची खूणच तिथे कोरून ठेवत असे. लेबल बदलता येते, कव्हर दुसरे घालता येते, ही कोरलेली अक्षरे मात्र तबकडीच्या अंगाचीच असतात. १९०२ साली कोलकात्यात गौहरजान यांनी गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले, ते जर्मनीतल्या कारखान्यात लेबल लावणाऱ्याला गाणारी कोण हे कळावे म्हणून, असे सांगतात. मला ते उच्चारलेले नाव आणि ही कोरलेली अक्षरे एकाच जातीची वाटतात.

खोक्यातल्या तबकड्यांना कव्हरे का नाहीत, असे तू विचारले होतेस आणि मी विषय बदलला होता. २००५ च्या पुरात पाणी आमच्या दुसऱ्या पायरीला लागून परत फिरले होते, या भरवशावर मी खोके खालच्या फळीवर ठेवले. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेने तो हिशेब मोडला. दहा दिवसांनी दार उघडले तेव्हा खोक्याचा लगदा झाला होता. तबकड्या नळाखाली साध्या साबणाच्या पाण्याने धुतल्या, स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात ताटांच्या जागी उभ्या केल्या आणि सावलीत वाळवल्या, कारण विनाइल उन्हात पापडासारखे वाकते. एक-दोन सोडता सगळ्या वाजतात. (तुझ्या आजोबांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या कधी पुसायच्या झाल्यास त्यांना स्पिरिट लावू नकोस. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते.) गेली ती कव्हरे, आणि त्यांच्याबरोबर चाहत्यांनी झेरॉक्स काढून, पिना मारून वाटलेली मासिके, ज्यांच्या समासात भावाने कोणी काय दिले, कोणत्या गाण्याला कोण रडले, हे बॉलपेनने लिहून ठेवले होते. त्या समासांच्या छायाप्रती आम्ही कधी काढल्या नाहीत. कारण त्या वस्तूंना भाव नव्हता.

तुझ्या यादीत आपला देश कुठेच नाही, याकडेही लक्ष दे. १९७० आणि १९७१ मध्ये सिमला बीट या बँडस्पर्धेतल्या निवडक बँडांच्या दोन मोठ्या तबकड्या निघाल्या. स्पर्धा एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी होती आणि वाजवणारी बहुतेक कॉलेजची मुले होती. त्या तबकड्या आता परदेशातले लोक धुंडाळतात. रूपा बिस्वास यांची १९८२ ची 'डिस्को जॅझ' कित्येक वर्षे कोणाच्या खिजगणतीत नव्हती, आणि २०१९ मध्ये ती अमेरिकेतून पुन्हा निघाली. पुण्या-मुंबईत त्या काळी असे बँड ऐकायला गेलेली माणसे आज सत्तरी-पंचाहत्तरीची आहेत. ग्लासगोचा माणूस तुला पत्रातूनच भेटेल. हे लोक एका रात्रीच्या एसटीच्या अंतरावर आहेत.

येत्या रविवारी चारनंतर ये. भाऊ आता पुण्याला असतो, त्याला फोनवर थांबायला सांगितले आहे. त्याला ऐकू कमी येते, तेव्हा सावकाश बोल. यादीची वही आणू नकोस, कोरी वही आण आणि पेन्सिल आण. लेबलांजवळ शाई नको. सी अर्चिन्सची तबकडी मी वर काढून ठेवतो. ती ज्याने दिली त्या वसतिगृहातल्या मुलाचे नाव भावाला आठवत नाही, पण त्याच्या खोलीच्या दाराचा रंग आठवतो. तिथूनच सुरुवात कर.

तुझा,
काका