'विचारपूस'मधलं 'पूस' कुठून आलं?

प्रश्न असा आला आहे: 'चौकशी' आणि 'विचारपूस' एकच का? बातम्यांत तर दोन्ही सारखेच वापरतात.

मुळीच एक नाहीत. 'पोलिसांनी संशयिताची कसून विचारपूस केली' हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. हिंदीतली 'पूछताछ' उचलायची आणि तिला मराठी लुगडं नेसवायचं, त्यातला हा प्रकार. कसून होते ती चौकशी. विचारपूस होते ती दुखणाईताची, मयत झालेल्या घराची, बोंडअळीनं कपाशी गेलेल्या शेजाऱ्याची.

'विचार'पाशी थांबत नाही. वऱ्हाडात त्याचा 'इचार' होतो, एवढं पुरे. गंमत 'पूस'मध्ये आहे. संस्कृत 'पृच्छति', प्राकृत 'पुच्छइ', मराठी 'पुसणे'. हिंदीत जिथे 'छ', तिथे आपल्याकडे बरेचदा 'स' असतो: मछली-मासळी, बछडा-वासरू, तसंच पूछना-पुसणे. ज्ञानेश्वरीत धृतराष्ट्र संजयाला 'पुसतु' आहे. आजही आमच्याकडे 'त्याले पुसून पाय' (त्याला विचारून पाहा) म्हणतात.

पण डोळे पुसतो ते पुसणे वेगळं. त्याचं मूळ संस्कृत 'प्रोञ्छ्'. 12व्या शतकात वैयाकरण हेमचंद्रानं प्राकृत व्याकरणात 'मृज्' (पुसून साफ करणे) या धातूच्या जागी 'पुंछ', 'पुस' अशी रूपं दिली आहेत. हिंदीनं 'पूछना' आणि 'पोंछना' वेगळे ठेवले. मराठीत दोन्ही एकाच 'पुसणे'त येऊन मिळाले. माझ्या मते 'विचारपूस'मध्ये ही दोन्ही पुसणी नांदतात.

इथे अभ्यासक मंडळी हात वर करतात. म्हणतात, 'बाजारहाट', 'कामधंदा' यांसारखी ही नुसती समानार्थी जोडी. डोळे पुसण्याचा संबंध तुम्ही मागून चिकटवता. जन्म तसा झाला असेल, मान्य. पण शब्द पुढे कोणाच्या तोंडी वाढला ते बघायचं की नाही? 'म्हातारपणी कोणी पुसत नाही' म्हणणाऱ्या माणसाला प्रश्न हवे असतात का? नुसती जन्मपत्रिका मांडून बसणाऱ्यांना हे वाक्य समजावून सांगता येत नाही.

मागच्या हिवाळ्यात यवतमाळहून दारव्ह्याकडे एसटीनं निघालो होतो. समोरच्या बाकावर विशीतली एक पोर, मांडीवर दवाखान्याची फाईल, आवाज न करता रडत होती. शेजारी एक म्हातारी, पायाशी तुरीच्या शेंगांची थैली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, पोरीच्या गालावरून फिरवलं आणि म्हणाली, "पयले डोये पूस वं माय. मंग सांग, घरी कोन बिमार हाय?" पोरीनं बापाचं सांगितलं. म्हातारी मधे मधे फक्त "हाव" म्हणत राहिली. गाव आलं तशी ओंजळभर शेंगा तिच्या ओढणीत टाकून उतरली. पोरीनं तिचं नावही पुसलं नव्हतं.

याला 'चौकशी' म्हणून बघा बरं!