दृष्टान्त, दाखला आणि दाटलेली पऱ्हाटी

चांदूर बाजार तालुक्यातल्या, बी.ए.ला मराठी वाङ्मय घेतलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलंय : "नोट्समध्ये दृष्टान्त आणि अर्थान्तरन्यास, दोन्हींपुढे 'दाखला देणे' एवढंच आहे. मग फरक काय? आणि आजी म्हणते, 'देवाचा दृष्टांत झाला', तो शब्द हाच का?"

बाई, घोटाळा त्या 'दाखला' शब्दाने केलाय. 'दाखल' आणि 'दाखला' एकाच अरबी कुळातले. ग्रामपंचायतीतून आपण जन्माचा दाखला आणतो तो पुरावा म्हणून, आणि कीर्तनकार दाखला देतात तोही पुरावाच. शब्द ऐसपैस आहे, त्यात दोन्ही अलंकार मावतात. म्हणून तो व्याख्येला पुरत नाही. पुरावा कोणत्या जातीचा, हे पाहावं लागतं.

आपल्या शिवारातलं एक वाक्य घे : "पोराले दाबून ठेवलं का पोरगं खुलत नाई, पऱ्हाटी दाटली का बोंड धरत नाई." दोन स्वतंत्र विधानं, मध्ये 'जसं-तसं' नाही. पोरगं एक खास गोष्ट, पऱ्हाटी (कपाशीचं झाड) दुसरी खास गोष्ट. दाबणं आणि दाटणं, खुलणं आणि बोंड धरणं, अशा जोड्या समोरासमोर उभ्या राहतात. याला संस्कृत साहित्यशास्त्र बिंब-प्रतिबिंब भाव म्हणतं. हा दृष्टान्त.

आता तेच वाक्य जरा फिरवू. "पोराले दाबून ठेवलं का पोरगं खुलत नाई; दाटीत कोणाचंच भलं होत नाई." दुसरं विधान आता पऱ्हाटीचं राहिलं नाही, सगळ्यांना लागू पडणारा नियम झालं. खास गोष्टीला सामान्य नियमाचा टेकू मिळाला, म्हणून हा अर्थान्तरन्यास. अर्थान्तर म्हणजे दुसरा अर्थ, न्यास म्हणजे ठेवणं. उलटही चालतं : आधी नियम, मग त्याच्या समर्थनाला एक खास उदाहरण. 'जशी पऱ्हाटी, तसं पोरगं' म्हटलंस तर तुलना उघड झाली, वाक्य उपमेकडे गेलं. आणि पोराचं नावही न घेता बापासमोर नुसतं "पऱ्हाटी दाटली, बोंड कुठून धरन?" म्हटलं तर ती अन्योक्ती. शेतकऱ्याच्या घरात हे सगळे प्रकार रोज बोलले जातात, फक्त त्यांची नावं कोणी घेत नाही.

शाळेत दृष्टान्ताला तुकोबांचं 'लहानपण देगा देवा' देतात. मुंगीला साखरेचा रवा, ऐरावताला अंकुशाचा मार, इथपर्यंत ते चोख आहे. पण पुढची ओळ वाच : 'ज्याचे अंगी मोठेपण, तया यातना कठीण'. हा सरळ नियम आहे. तो आल्याबरोबर मागचा ऐरावत त्या नियमाचं उदाहरण होतो आणि अभंग अर्थान्तरन्यासाकडे झुकतो, असं माझं मत आहे. परीक्षेत कोणत्या ओळी दिल्यात ते पाहून उत्तर लिही.

न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, दृष्टान्ताची जी व्याख्या आहे ती मला फार आवडते : ज्या गोष्टीबद्दल साधा माणूस आणि पारखी विद्वान या दोघांची बुद्धी सारखी चालते, तो दृष्टान्त. धूर तिथे अग्नी हे सिद्ध करायला नैयायिक स्वयंपाकघर दाखवतात, कारण चुलीबद्दल कोणाचा वाद नसतो. पऱ्हाटीबद्दल आपल्याकडे तेच. बी टोबून (हाताने लावून) झाल्यावर जादा रोपं काढून विरळणी का करायची, हे प्राध्यापकालाही पटतं आणि शेतात डवरणीला जाणाऱ्यालाही. संस्कृत साहित्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाश या ग्रंथात 'दृष्टान्त' शब्दाची फोड अशीच केली आहे : जिथे अन्त, म्हणजे निश्चय, दिसतो.

महानुभावांचं तीर्थ रिद्धपूर तुमच्याकडून जवळच. महानुभाव परंपरेतल्या केशिराजांनी चक्रधरस्वामींचे दृष्टान्त 'दृष्टान्तपाठा'त संकलित केले. तिथे आधी सूत्र, मग गोष्ट, आणि शेवटी त्या गोष्टीचा मूळ विषयाशी सांधा जोडणारं दार्ष्टान्तिक. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यातलीच. ती गद्य बोधकथा आहे, तिला अलंकाराच्या व्याख्येने मोजू नकोस.

आजीचा शब्द हाच आहे. फक्त तिथे 'दिसणं' यावर भर आहे. स्वप्नात देव दिसला, काही सांगून गेला, म्हणजे दृष्टांत 'झाला'. कीर्तनकार मात्र दृष्टान्त 'देतात'. क्रियापद बदललं की अर्थ बदलतो, एवढी खूण पुरे.

लिहिताना दृष्टान्त लिही की दृष्टांत, दोन्ही चालतात. 'दृष्ठांत' मात्र नको. ष ला ट जोडायचा आहे, ठ नाही.