तोंडाकाच्या वाटपात (वाटणात) कांदा कच्चट का लागतो?

अळसांद्याच्या (चवळीसारख्या कडधान्याच्या) तोंडाकात, म्हणजे गोव्याकडच्या खोबऱ्याचं वाटप घातलेल्या रस्साभाजीत, कांदा कच्चट लागतो म्हणताय, तर बहुतेक तुम्ही कांदा आणि खोबरं एकदमच कढईत टाकताय, खोबरं लगेच लाल होतं पण कांद्याचं पाणी अजून सुटतच असतं. आधी 2 कांदे उभे पातळ चिरून खोबरेलात चिमूटभर मीठ घालून मंद गॅसवर 15-20 मिनिटं परता, मिठाने पाणी लवकर सुटतं, ते आटलं की कांद्यातली साखर तांबूस होते आणि तोच गोडवा रश्शात उतरतो. घाई अजिबात नको, गॅस मोठा केला तर कडा करपून वाटप कडू होतं. खोबरं, धणे, मिरी, मिरच्या वेगळ्या भाजा. पावसात हे गरम तोंडाक आणि ताजे उंडे (गोव्याचे गोल पाव), मला तर दुसरं काही नको.